मुलामा

दसऱ्याचे सोने वाटून झाले की आमच्या घरात घासण्यापुसण्याची साथ सुरू होते. माळ्यावरची पातेली खाली येतात, समया चिंचेच्या पाण्यात बसतात, आणि एरवी खुर्चीवरून न हलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्याही हाती एखादे फडके येते. यंदा माझ्या वाट्याला आली ती आमची मोटार. मार्गशीर्षात मुलीचे लग्न आहे. लग्नाच्या मांडवातून निघायचे ते आजोबांच्या फियाटमधूनच, असा तिने हट्ट धरला, आणि "पण बाबा, असल्या गंजक्या बंपरची गाडी दारात उभी करायची नाही हं!" अशी पुरवणीही जोडली.

गाडी १९६६ सालची, फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तिचा जन्म. त्या काळी नाव नोंदवून लोक मोटारीची वर्षानुवर्षे वाट पाहत. त्यामुळे गाडी दारात आली त्या दिवशी आमच्या वडिलांनी, अण्णांनी, तिची पूजा केली यात नवल नव्हते. पुढे याच घराण्यातल्या गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले, आणि काळा-पिवळा पोशाख चढवून ती मुंबईची टॅक्सी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्स्याही रस्त्यावरून गेल्या. आमची फियाट मात्र माहीमच्या खाऱ्या वाऱ्यात, इमारतीच्या भिंतीला अंग टेकून, अजून उभी आहे. समुद्राजवळ राहणाऱ्या माणसाचे आयुष्य वाढते असे म्हणतात. लोखंडाचे मात्र घटते.

कामाला लागलो तेव्हा समजले की या कामाची पहिली पायरी घासणे नव्हे, ओळखणे ही आहे. चकाकणारे सगळे क्रोम नसते. मी एक लोहचुंबक घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. बंपरला तो चटकन चिकटला. म्हणजे आत पोलाद, वर क्रोम. अंगावरच्या एका पट्टीने त्याला दादच दिली नाही. ती निघाली ॲल्युमिनियमची. एका नक्षीच्या तुकड्यालाही तो चिकटला नाही, पण तो हाताला जड लागला, आणि त्यावरचे फोड जस्ताच्या ओतकामाची साक्ष देत होते. हे तीन रोगी वेगळे आणि त्यांचे उपचारही वेगळे. पोलादावरचा तांबूस गंज घासून निघू शकतो; ॲल्युमिनियमला तीव्र क्षार लावला तर ते काळवंडते; आणि जस्ताच्या ओतकामाचा फोड आतूनच आलेला असल्यामुळे वरून कितीही चोळला तरी बसत नाही. वैद्यकी काय, गृहस्थी काय, आपण बहुतेक ठिकाणी चुकतो ते औषधात नव्हे, निदानात.

क्रोमवरचा वरवरचा गंज काढायची युक्ती अगदी घरगुती आहे. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चुरगळायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा उठत नाही, आणि गंज मात्र तपकिरी राबडी होऊन सुटतो. ती पुसायची, जागा कोरडी करायची, वर मेणाचा हात द्यायचा. दिव्यांच्या कड्या आणि चाकांच्या टोप्या अशा उजळल्या की शेजारच्या मुलांनी त्यात तोंडे वेडावून दाखवायला सुरुवात केली. माझ्या मनाला जी गुदगुली झाली ती लहानपणी शाईचा डाग धुऊन निघाल्यावर होई तशीच होती.

मागच्या बंपरपाशी आलो आणि ती गुदगुली थांबली. राबडी पुसल्यावर तिथे देवीच्या व्रणांसारखे खळगे दिसले. कडेला क्रोमचे पापुद्रे सुटले होते. आणि डाव्या बाजूला तो पोचा होताच, पाच बोटे मावतील एवढा.

मी गॅरेजच्या मेस्त्रींना बोलावले. त्यांनी बंपरवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काका, उगाच खर्चात पडू नका. खळगे लांबीनं भरतो, वर रुपेरी रंगाचा हात मारतो. फोटोत कोणाला कळणार नाही. लग्नापुरतं भागेल."

लग्नापुरते भागेल! या दोन शब्दांनी मी थबकलो. लग्नापुरते भागवलेले पुढे किती दिवस पुरते हे साठी उलटलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. पण मेस्त्रींचेही काय चुकले? जे चकाकते ते सगळेच वरवरचे असेल, तर रंगाचा थर आणि क्रोमचा थर यांत नीतीच्या दृष्टीने फरक तो कोणता? हा प्रश्न मला रात्री जेवताना पडला, आणि जेवण संपले तरी सुटला नाही.

क्रोमचा थर किती जाड असतो हे ऐकून पुष्कळांना धक्का बसेल. एका मिलिमीटरचे हजार भाग करावेत, आणि त्यातला एक भाग घेऊन त्याचाही जेमतेम अर्धा करावा. शोभेच्या क्रोमची जाडी साधारण त्याहून जास्त नसते. या एवढ्याशा धातूचा शोध वोक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली सैबेरियातल्या एका लाल खनिजातून लावला. त्याची संयुगे इतक्या रंगांची निघाली, की 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्याचे नाव पडले. १९२० नंतरच्या दशकात विजेच्या साहाय्याने त्याचा मुलामा चढवण्याची रीत कारखान्यांत आली आणि मोटारी चकाकू लागल्या.

पण गंमत अशी की ती चकाकी मुख्यतः क्रोमची नसतेच! क्रोमखाली त्याच्या कित्येक पट जाडीचा निकेलचा थर असतो. चांगल्या कामात त्याखाली तांब्याचा. क्रोम फक्त वरून निळसर झाक देतो आणि निकेलला पिवळे पडू देत नाही. आणि या सगळ्यांच्या तळाशी असते ते घासकाम. क्रोम काहीच झाकत नाही. खाली ओरखडा असेल तर वर ओरखडाच दिसतो. उलट तो अधिक ठळक दिसतो. म्हणून क्रोम चढवणारा चांगला कारागीर आपला बहुतेक वेळ क्रोम चढवण्यात घालवतच नाही. तो आधीचा क्रोम उतरवतो, निकेल उतरवतो, गंज मुळापासून काढतो, पोलाद घासतो, तांबे चढवून पुन्हा घासतो. शेवटचा क्रोम हा काही मिनिटांचा खेळ.

म्हणजे मेस्त्रींच्या रंगात आणि या मुलाम्यात फरक आहे तो जाडीचा नव्हे. रंगाखाली गंज तसाच राहतो, आणि अंधार मिळाल्यामुळे निर्धास्तपणे वाढतो. मुलामा धरावा म्हणून मात्र आधी गंज काढावाच लागतो. एक थर खालची चौकशी करीत नाही. दुसरा केल्यावाचून बसतच नाही.

हे मला पटले, कारण माझे लहानपण कल्हईवाल्याच्या भात्याशेजारी गेले आहे. पितळेची पातेली घेऊन तो रस्त्याच्या कडेला बसे. भांडे तापवून, आत नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील असे काही फिरवी की काळे पातेले डोळ्यांदेखत चांदीचे होई. ती कल्हईसुद्धा मुलामाच होता. पण तिला कोणी ढोंग म्हटले नाही. आमटी कळकू नये, घरातल्या माणसांना बाधू नये, म्हणून ती होती. आणि ती उडते हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे वर्षातून दोनदा पुन्हा लावावी लागे. पितळेला आपण चांदी आहोत असे कोणाला भासवायचे नव्हते. मुलामा लबाड ठरतो की प्रेमळ, ते तो कोणाच्या हितासाठी चढवला यावर ठरते.

पुढे घरात स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईवाला गेला. त्या स्टीलमध्येही क्रोमियमच असते, शंभरात निदान दहा-अकरा भाग. परंतु वर चढवलेले नव्हे, आत मुरलेले. म्हणून ओरखडा पडला तरी तिथेही तेच निघते. आणखी एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. क्रोमियमला हवा बाधत नाही असे नाही. हवा लागताच त्याच्यावरही एक थर धरतोच. पण तो इतका पातळ आणि घट्ट असतो की तोच त्याचे कवच होतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत. तो सुटून पडतो आणि खालच्या लोखंडाला पुन्हा हवेच्या तोंडी देतो. आघात दोघांवरही होतो. एक त्याने मिटतो, दुसरा झिजतो. माणसांतही हे दोन्ही प्रकार आपण पाहतो. आणि आपण स्वतः कोणत्या जातीचे, हे ठरवण्याचे टाळतो.

इतके तत्त्वज्ञान झाल्यावर बंपर उतरवून मुलाम्याच्या कारखान्यात नेणे प्राप्तच होते. नेला. तिथल्या कारागिराने तो उलटसुलट पाहिला आणि अगदी साधा प्रश्न विचारला, "काका, हा पोचा ठोकून सरळ करू ना?"

आणि मला उत्तर देता येईना.

त्या पोच्याची हकीकत आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. १९७१ साली परळच्या एका गल्लीत अण्णा गाडी मागे घेत होते. मागे गोण्यांनी भरलेली हातगाडी उभी होती. धक्का बसला, हातगाडी कलंडली आणि ती ओढणाऱ्या माणसाच्या पायावर गोणी पडून बोटांची हाडे मोडली. अण्णांनी त्याला गाडीत घालून इस्पितळात नेले, उपचाराचा खर्च केला, आणि तो कामावर जाईपर्यंत सहा आठवडे दर रविवारी त्याच्या खोलीवर जाऊन त्याची मजुरी पोचती केली. बंपर मात्र त्यांनी कधी दुरुस्त केला नाही. कोणी विचारले तर म्हणत, "असू दे. मागं बघायची आठवण राहते." मी मागच्या बाकावर होतो, नऊ वर्षांचा. ही गोष्ट मी मुलीला तिच्या लहानपणापासून सांगत आलो आहे.

"विचार करून सांगतो," असे कारागिराला म्हणून मी घरी आलो. जुन्या वस्तू मूळ रूपात ठेवाव्यात की त्यांच्यावर काळाने केलेल्या खुणाही मूळच समजाव्यात, हा वाद नवा नाही. इंग्लंडात जॉन रस्किनने १८४९ साली जुन्या इमारती पुन्हा नव्यासारख्या करण्यावर झोड उठवली. वेळच्या वेळी निगा राखा, म्हणजे ती वेळच येणार नाही, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम झाले, त्यांतही गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट आहे. पण मूळ स्वरूप कोणते? मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने विचारले होते की रथ म्हणजे आस का, चाके का, जू का? तोच प्रश्न मी फियाटला विचारला. कारखान्यातून निघाली ती १९६६ ची गाडी मूळ धरली, तर १९७१ साल खोटे ठरते. आणि पोचा मूळ धरला, तर गंजाने काय पाप केले? तोही काळानेच आणलेला आहे.

या शेवटच्या शंकेने माझी वाट थोडी मोकळी केली. गंज आणि पोचा एक नव्हेत. पोचा होऊन गेला आहे. तो होता तेवढाच राहतो. गंज मात्र अजून घडतो आहे. मी इथे विचार करीत बसलो असतानाही तो खातोच आहे. जे अजून खाते आहे ते काढावे. जे होऊन गेले ते राहू द्यावे. मला वाटले, सुटला प्रश्न. मी तो निकाल मोठ्या समाधानाने सौभाग्यवतींना ऐकवला.

ती करंज्यांचे सारण परतत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, त्या हातगाडीवाल्याला तुमच्या पोच्याचा काय उपयोग? अण्णांना तो टोचत होता, म्हणून त्यांनी ठेवला. तुम्हाला कुठे टोचतो? तुम्ही तर पाहुण्यांना दाखवता."

कढईतला खोबऱ्याचा वास घरभर दरवळत होता आणि मी गप्प उभा होतो. तिचे म्हणणे खरे होते. अण्णांच्या लेखी जो अपराध होता, तो माझ्या लेखी दागिना झाला होता. बापाच्या पश्चात्तापावर मुलगा प्रतिष्ठा मिळवत होता. आणि तिला जे ठाऊक नव्हते ते मला ठाऊक होते, म्हणून मला ते अधिकच लागले.

ते आता सांगितले पाहिजे. अण्णा लगेच थांबले नव्हते. धक्का बसला, मागून ओरडा ऐकू आला, लोक जमू लागले. आणि अण्णांनी गाडी पुढे काढली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, दोनशे पावले असतील, ते गेले. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. कोपऱ्यावर पुढे बसलेली आई इतकेच म्हणाली, "अहो, वळवा गाडी." आवाज चढवला नाही. अण्णा काही क्षण चाकावर हात ठेवून बसले, आणि त्यांनी गाडी वळवली.

ही दोनशे पावले मी आजवर कोणालाही सांगितलेली नाहीत. कोणी तसे बजावले नव्हते. पहिल्यांदा सांगताना ती गळली, आणि पुढे गोष्ट तशीच घासली जाऊन गुळगुळीत झाली. पन्नासावर वर्षे मी त्या हकिकतीवर मुलामा चढवत होतो, आणि खालचे पोलाद साफ करण्याचे कष्ट काही घेतले नव्हते. मेस्त्रींच्या रुपेरी रंगाला नाक मुरडणारा मी!

त्या रात्री जेवणानंतर मी मुलीला सगळे सांगितले. अण्णांविषयीचा तिचा आदर कमी होईल अशी धास्ती होती. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे आजीनं परत फिरवलं. हे मला कधीच कोणी सांगितलं नाही, बाबा. तुमच्या गोष्टीत आजी गाडीत होती हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

मी चपापलो. अण्णांचा दोष झाकताना मी आईचे पुण्यही झाकून टाकले होते, हे माझ्या ध्यानीही आले नव्हते. मुलाम्याखाली नुसता गंज दडत नाही; कधी सोनेही दडते. अण्णा पळाले नाहीत यापेक्षा ते परत फिरले ही गोष्ट मोठी आहे असे मला आज वाटते. आणि 'वळवा' म्हणणारे माणूस शेजारी असणे ही तर कोणत्याही संसारातली सर्वांत मोठी मिळकत. लग्न ठरलेल्या मुलीला सांगण्याजोगी हीच एक गोष्ट माझ्यापाशी होती, आणि नेमकी तीच मी खरवडून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. या वेळी माझे लक्ष बंपरऐवजी तिथल्या माणसांकडे गेले. आदल्या दिवशी ते का गेले नव्हते, याचे उत्तर आता मला ठाऊक होते. क्रोमच्या हौदावर पिवळसर वाफ तरंगत होती आणि एक पोरगेलासा कामगार उघड्या हातांनी वस्तू आत सोडत होता. त्याच्या बोटांवर खोल, गोल व्रण होते. मुलाम्याच्या हौदातले क्रोमिक आम्ल हे ज्या जातीचे क्रोमियम, ते कातडी खाते, नाकाच्या पडद्याला भोक पाडते, आणि वर्षानुवर्षे श्वासातून गेले तर फुप्फुसाचा कर्करोग करते. युरोपात २०१७ पासून परवान्याशिवाय ते वापरता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ साली शोभेच्या कामातून ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. त्याऐवजी क्रोमियमचे दुसरे, पुष्कळ कमी विषारी रूप वापरता येते. झाक किंचित वेगळी येते, एवढेच. मुलीच्या लग्नात माझी गाडी चकाकावी म्हणून कोणाच्या तरी मुलाची बोटे जात होती. परळच्या गल्लीत निदान ओरडा तरी ऐकू आला होता. इथे तोही नव्हता.

बंपर उचलून मी बाहेर पडलो. दोन आठवडे हिंडलो, तेव्हा त्या दुसऱ्या रूपाचे काम करणारा एक कारखाना सापडला. तिथे हौदावर वाफ ओढून घेणारी यंत्रे होती, माणसांच्या हातांत कोपरापर्यंत मोजे होते, आणि दर जवळजवळ दुप्पट होता. माझ्या एका बंपरने जग सुधारले असा माझा दावा नाही. पहिल्या कारखान्यातला तो मुलगा आजही तिथेच उभा असेल, आणि दुप्पट दर देऊन मी फार तर माझी पाठ फिरवली असेल. हा पोचा मात्र माझा स्वतःचा आहे आणि तो टोचतो.

परवा बंपर आला. पोचा तसाच ठेवला आहे. कारागिराने तो आतून-बाहेरून इतका घासला आहे की आरशासारखा लखलखतो. मुलीने वाकून पाहिले. सरळ भागात तिचा चेहरा नीट दिसत होता, पोच्यात वाकडा.

"मांडवात कोणी विचारलं तर काय सांगायचं?" मी विचारले.

"आजीपासून सुरुवात करायची," ती म्हणाली, आणि बंपरवर उठलेले माझ्या बोटांचे ठसे तिने ओढणीने पुसून टाकले.